आडव्या करवतीचे कानमंत्र

भाचेबाई,

तुझा निरोप आईकडून पोचला. बदलापूरच्या घरामागचा फणस पावसाच्या पहिल्याच झोडपणीत आडवा झाला, आणि त्याच्या फळ्या पाडायला तू दारातच आडवी बँडसॉ उभी करणार आहेस म्हणे. "मामाला काय लागतंय, अंबरनाथच्या मोरिवलीत त्याचं आयुष्य लेथवर गेलं, देईल यादी करून," असंही तूच म्हणालीस. देतो. पण आधीच सांगतो, ही यादी शहाण्या माणसाची नाही. अशी करवत मी एकदा बांधली, एकदा मोडली आणि मग पुन्हा बांधली. खाली जिथे जिथे 'नको' लिहिलंय, ते ते मी करून बसलोय. हाताची दहाही बोटं शाबूत आहेत, एवढंच काय ते माझं प्रमाणपत्र.

चहा ठेव आणि सावकाश वाच.

१. करवतीचा विचार करण्याआधी लाकडाचा कर — वर्षाला एखाददुसराच ओंडका मिळणार असेल तर तो परवाना असलेल्या वखारीत कापून आणणं स्वस्त पडतं, आणि पट्टा तुटला तर तो वखारवाल्याचा तुटतो.

२. लोखंडाचा पहिला अँगल कापण्याआधी वनखात्याच्या कचेरीत जा आणि लेखी विचार — करवतीला चाकं लावली म्हणून ती सॉ मिल नाही, हे ठरवणारी तू नाहीस.

मी नेमकं उलटं केलं होतं. करवत आधी, कागद नंतर. आठ महिने ती ताडपत्रीखाली झोपली. शेवटी परवाना असलेल्या एका वखारवाल्या मित्राने ती त्याच्या आवारात, रीतसर कागदावर चढवून घेतली, तेव्हा कुठे तिने भुसा पाहिला. ही नुसती कचेरीतली अडवणूक नव्हे, बरं का. १९९६ साली गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या लाकूडतोडीला लगाम घातला. २००२ मध्ये सांगितलं, की केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय कुठल्याही राज्याने नवी सॉ मिल उघडू देऊ नये. २०१६ साली केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि हे काम राज्यस्तरीय समितीकडे आलं. म्हणजे तुझ्या परसातल्या करवतीचा धागा पार दिल्लीपर्यंत जातो. कागद कोरा, तर करवत मुकी.

३. झाड आपोआप पडलं म्हणून ते मोकळं झालं असं समजू नकोस, पडल्या जागी चारी बाजूंनी फोटो काढ आणि नगरपालिकेत अर्ज दे — १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन यांच्या पंगतीत आपले फणस, आंबा, चिंच, जांभूळही बसलेत, आणि शहरी हद्दीत वर १९७५ चा झाडं जपण्याचा कायदा आहेच.

४. ओंडका टेम्पोत चढवण्याआधी वाहतुकीच्या परवान्याचं विचार — नाक्यावर अडवल्यावर "साहेब, घरचाच फणस आहे" हे सगळेच सांगतात.

५. शेजाऱ्यांना आधी सांग, आणि दुपारी दोन ते चार करवत बंद ठेव — आवाजाची तक्रार आवाजामुळे कमी आणि न विचारल्यामुळे जास्त होते.

कागद झाले असं धरून पुढे जाऊ. आता यंत्र.

वखारीत तू उभी बँडसॉ पाहिली असशील. तिथे करवत जागेवर असते, ओंडका तिच्याकडे ढकलतात. तुला हवी ती आडवी. तिच्यात ओंडका निवांत पडलेला असतो आणि मोटर, दोन चाकं, पट्टा असं सगळं डोकं रुळांवरून त्याच्या अंगावरून सरकतं. एकटीदुकटीला टनाचा ओंडका ढकलता येत नाही, डोकं ढकलता येतं, म्हणून घरच्यासाठी हीच. १९८० च्या दशकात अमेरिकेत वुड-मायझरने असली हलती करवत शेतकऱ्यांच्या दारात नेली, तेव्हापासून जगभर लोक परसात फळ्या पाडताहेत. बँडसॉची मूळ कल्पना मात्र फार जुनी. १८०८ साली विल्यम न्यूबेरीने इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. पण पट्ट्याचा सांधा टिकेना, म्हणून चाळीसएक वर्षं ती नुसती कागदावरच राहिली. १८४६ मध्ये सांधा टिकाऊ करून दाखवला तो फ्रान्सच्या क्रेपँ नावाच्या एका बाईने. तुझ्या वर्कशॉपमध्ये कुणी "हे बायकांचं काम नाही" म्हणालं तर हे नाव लक्षात असू दे.

६. गोल करवत स्वस्त मिळते म्हणून भुलू नकोस — पातळ पट्टा एका कापाला जेमतेम २ मिलिमीटर लाकूड खातो, गोल करवत ५-६ खाते; दहा काप मारलेस तर दीड फळी भुशात गेली.

७. फ्रेम घरी बांध, पण चाकं, शाफ्ट आणि बेअरिंगं विकत घे किंवा चांगल्या टर्नरकडून करून घे — चौकट थोडी चुकली तर ठोकून सरळ होते, चाक चुकलं तर ते तुला ठोकतं.

८. सायकलची, स्कूटरची रिम घालून करवत केल्याचे व्हिडिओ बघ, हस आणि विसर — पट्ट्याचा ताण शेकड्यांनी किलो असतो, तो झेलायला ती रिम जन्मलेली नाही.

९. चाक १९ इंचांच्या आसपास ठेव आणि त्यावर ३२ मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटरभर जाड पट्टा चढव — चाक लहान केलंस तर पट्टा दर फेऱ्याला जास्त वाकतो आणि धार जायच्या आधीच चिरतो. बाजारात १३ फूट २ इंचांचा पट्टा ह्याच मापाच्या यंत्रांसाठी मिळतो. चाकांमधलं अंतर आधी आणि पट्टा नंतर, असं मी केलं होतं. मग प्रत्येक पट्टा खास सांधून घ्यावा लागला. पट्टा आधी घे, अंतर त्याच्यावरून ठरव.

१०. वेगाचं गणित वहीत करून ठेव — १९ इंची चाकाचा घेर ५ फूट, म्हणजे मिनिटाला हजार फेरे म्हणजे ५,००० फूट पट्टा, आणि लाकडाला साधारण तेवढाच वेग मानवतो. मोटर १,४४० फेऱ्यांची असेल तर तिच्यावर ६ इंची पुली, चाकावर ९ इंची. फेरे होतात ९६०. बस झालं.

११. रूळ हा ह्या सगळ्याचा आत्मा आहे, त्यावर दोन दिवस जास्त घालव — डोकं रुळावरून चालतं, म्हणून रुळाचा प्रत्येक उंचवटा फळीवर जसाच्या तसा उमटतो.

इथे जरा थांबतो, कारण माझी पहिली करवत ह्याच ठिकाणी फसली. मोरिवलीला वखारवाल्या मित्राच्या शेडमध्ये रूळ टाकले तेव्हा जमीन सिमेंटची आहे म्हणून सपाटच असेल असं धरलं. ती सपाट नव्हती, पाणी जायला उतार दिलेला होता, आणि उतार तर सोडच, मधे खोलगटही होती. आठ फुटी फळी एका टोकाला सव्वा इंच, मधे एक, पुन्हा सव्वा. वखारवाला मित्र म्हणाला, "छान, पण होडी कुणाला हवी आहे?" तेव्हापासून दोरी ताणतो, पाण्याची नळी धरतो, मग बोल्ट आवळतो. डोळ्यावर विश्वास नाही. रुळाला वाक, फळीला नाक.

१२. वेल्डिंग एका दमात करू नकोस. आधी चारी कोपऱ्यांत टाके घाल, थंड होऊ दे, मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून भर — तापलेलं लोखंड निवताना आपल्याकडे ओढतं, आणि संध्याकाळी सरळ असलेली चौकट सकाळी रुसलेली सापडते.

१३. डोकं वरखाली करणारे दोन्ही बाजूंचे स्क्रू एकाच साखळीने जोड — दोन हातांनी दोन चाव्या फिरवून दोन्हीकडे सारखं माप आणणारा माणूस मी अजून पाहिला नाही, आरशातही नाही.

१४. थ्री फेजची जोडणी, स्टार्टर आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच, आणि महावितरणकडे भार मंजूर करून घे — साडेसात अश्वशक्तीची मोटर घरच्या पाणी तापवायच्या प्लगवर चालत नाही, फक्त जळते. वीज नसेल तिथे १३ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन चालतं, पण मग नंबर ५ च्या शेजाऱ्यांना दोनदा सांग.

१५. चाकांवरची झाकणं सगळ्यात शेवटी नव्हे, सगळ्यात आधी कर — झाकण नसलेलं यंत्र एकदा चालू झालं की "उद्या लावू" म्हणताना वर्ष जातं. त्या वर्षात पट्टा तुटतोच.

१६. बंद करायचं लाल बटण दोन ठिकाणी लाव, एक चालवणाऱ्याच्या हाताशी, दुसरं ओंडक्याच्या पलीकडच्या टोकाला — अडचण येते तेव्हा जवळ असतो तो माणूस नेहमी चुकीच्या बाजूला असतो.

१७. वापरलेली करवत विकत घेत असशील तर मालकाला चालू करून दाखवू देऊ नकोस, आधी बंद यंत्राचं चाक हाताने फिरव — आवाजात सगळे दोष झाकले जातात, हाताला मात्र बेअरिंगची खरखर कळते.

आता पट्टा, म्हणजे खरी करवत. बाकी सगळं त्याला धरायचा सांगाडा.

१८. गाइड रोलर पट्ट्याला ६ मिलिमीटरभर खाली दाबेल असा बसव आणि पट्ट्याची पाठ रोलरच्या कडेपासून ३ मिलिमीटर दूर ठेव — दाब नसेल तर पट्टा लाकडात पोहतो, पाठ सतत घासत राहिली तर तिथेच चीर सुरू होते.

१९. घट्ट पट्टा दिवसा, सैल पट्टा रात्री. काम संपलं की ताण सोड — ताणलेला पट्टा चाकावर रात्रभर राहिला तर त्याला तोच आकार अंगवळणी पडतो, आणि चाकावरचा रबरही दबतो.

२०. "अजून एकच फळी" म्हणायचं मनात आलं की पट्टा उतरव — बोथट पट्टा थांबत नाही, तो सरळ जायचं सोडून वर चढतो किंवा खाली बुडतो, आणि त्या एका फळीपायी खालची फळीही जाते. घाईची फळी, चुलीला बळी.

२१. पट्टे चार ठेव, एक कधीच नको — एक करवतीवर, एक धारेला, एक तयार, आणि एक त्या दिवसासाठी ज्या दिवशी तिन्ही जातात.

२२. दात्यांना धार लावतेस तशी त्यांची डावी-उजवी वाकणही दरवेळी तपास — एका बाजूचे दाते कमी वाकले की पट्टा दुसऱ्या बाजूला ओढतो, आणि तू उगाच रूळ मोजत बसतेस.

२३. सागाला घाबरू नकोस, पण त्याला हलकंही समजू नकोस — त्याच्या अंगातच वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते.

२४. पट्ट्यावर थेंब थेंब साबणाचं पाणी पडू दे, फणसाला तर नक्कीच — फणस कापताना विळीला आणि हाताला तेल लावतो ना आपण? चीक खोडातही असतो, आणि तो दात्यांत बसला की पट्टा तापतो, तापला की लांबतो, लांबला की नाचतो.

२५. पट्टा तीन वेटोळ्यांत गुंडाळायचं जुन्या, बोथट पट्ट्यावर शिक, आणि हातमोजे घालून शिक — तो डबीतून सुटलेल्या नागासारखा उघडतो. मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी आनंदाने ओरडलो आणि त्याच आनंदात तो हातातून सुटला.

ओंडक्याकडे येऊ. आपल्या भागाला लाकडाची सवय नवी नाही. अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता. सावरीसारख्या मऊ लाकडाचे ओंडके ओले असतानाच सोलून त्याचे पापुद्रे काढायचे आणि मग काड्या. उल्हासनगरचा फर्निचर बाजार तर तू ओळखतेसच. मी तुला एकच सांगतो, तिथे एखाद्या रविवारी जा आणि नव्या फर्निचरकडे नको, वर्षभर वापरून दुरुस्तीला आलेल्या फर्निचरकडे बघ. कुठे फटी पडल्या, कुठे पाट वाकला. लाकूड न वाळवता जोडलं की काय होतं, ते तिथे फुकटात शिकायला मिळतं.

२६. ओंडका ओला असतानाच काप, वाळायची वाट बघू नकोस — ओलं लाकूड पट्ट्याला सोपं जातं, आणि अख्खा ओंडका वाळताना बाहेरून आत फाटतो.

२७. पडला त्याच दिवशी ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना जुना तैलरंग फास — तोंडातून पाणी भराभर जातं, तिथून चिरा आत शिरतात. उरलेला रंग माळ्यावर पडलाय, मला ठाऊक आहे.

२८. रस्त्याकडेचं झाड असेल तर आधी तास, खरवड, मग लोखंड शोधायच्या यंत्राने तपास — कुठल्या तरी पाटीचा, गणपतीच्या तोरणाचा, कपड्यांच्या दोरीचा खिळा सालीच्या आत पंधरा वर्षांपूर्वी बुजलेला असतो. खिळा एक, पट्टे अनेक. मला गुलमोहरात चक्क घोड्याचा नाल मिळाला, आणि पट्ट्याचे बावीस दाते गेले.

२९. चिखल धुतल्याशिवाय पहिला काप घेऊ नकोस — खिळा पट्ट्याला एकदाच मारतो, रेती त्याला दर इंचाला मारते.

३०. पकडीचे दांडे पट्ट्याच्या वाटेत नाहीत ना, हे प्रत्येक काप घेण्याआधी बोट दाखवून मोठ्याने म्हण — मनातल्या मनात बघितलेलं बघितलं जात नाही.

३१. गोल ओंडका मोजायला वखारीची जुनी रीत शीक: घेराचा चौथा भाग घे, त्याला त्यानेच गुण, मग लांबीने गुण — ४ फूट घेराचा ८ फुटी ओंडका असा ८ घनफूट भरतो. खरं लाकूड १० घनफुटांच्या वर असतं. तो फरक म्हणजे साल, सालीकडच्या कातळ्या आणि भुसा, आणि ही रीत ते आधीच वजा धरते.

३२. एका बाजूने सगळ्या फळ्या काढत जाऊ नकोस, दोन-तीन काप झाले की ओंडका उलटव — झाडाच्या अंगात ताण साठलेला असतो, एकीकडून मोकळा केला की ओंडका धनुष्यासारखा उठतो.

३३. ओंडक्याचा ऐन मध्य चांगल्या फळीत येऊ देऊ नकोस, त्याचा वासा काढ — तो ठिपका जिथे असेल तिथे फळी चिरतेच. फणसाची पिवळीधमक फळी चिरली की फार वाईट वाटतं. दक्षिणेत वीणा आणि मृदंग ह्याच लाकडाचे करतात, उगाच नाही.

३४. फळ्या रचताना मधे इंचभर जाडीच्या वाळक्या पट्ट्या ठेव, आणि खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या एकाच ओळीत — ओळ चुकली की वरच्या फळीचं वजन खालच्या फळीच्या पोटावर येतं.

३५. सावलीत ठेव, वारा खेळू दे, वर दगड ठेव, आणि इंच जाडीला वर्ष धर — उन्हात लवकर वाळते हे खरं, पण पापडही तसाच वाळतो.

३६. आंबा किंवा सावर असेल तर कापल्याच्या दिवशीच बोरॅक्स-बोरिक पावडरच्या पाण्याने पुसून घे — आपल्या पावसाळी हवेत आठवड्यात निळी बुरशी चढते, आणि भुंगेरा निमंत्रणाची वाट बघत नाही.

३७. रास जमिनीपासून दोन फूट उंच, आणि पाण्याच्या वाटेपासून दूर. २६ जुलै २००५ ला वालधुनी नदी शेडपर्यंत आली तेव्हा माझ्या अकरा फळ्या पोहत गेल्या, त्यातल्या दोन एका माणसाच्या गोठ्याचं दार झालेल्या पाहिल्या — पूर आला की लाकूड मालकाला ओळखत नाही. तुमची उल्हास नदी तर वालधुनीहून कितीतरी मोठी.

आता अंगाचं. हे शेवटी लिहितोय, पण करताना पहिलं.

३८. ओढणी नाही, बांगड्या नाहीत, केस बांधून टोपीत. मी लुंगीवर उभा राहत होतो, त्या लुंगीचा अर्धा भाग अजून शाफ्टच्या खोबणीत सापडेल — यंत्र कपडा बघून सोडून देत नाही.

३९. चष्मा, कानात बोळे, नाकावर मास्क, तिन्ही एकदमच — सागाचा, ऐनाचा भुसा आज फक्त शिंका देतो, दहा वर्षांनी काय देतो ते मी खोकताना तुला ऐकू येतंच.

४०. एकटीने कधीच चालवू नकोस, आणि सोबतीला जो असेल त्याला आधी बटण दाखव, मग ओंडका — मदतनीस म्हणजे उचलायला माणूस नव्हे, थांबवायला माणूस.

४१. पट्टा फिरत असताना त्याच्या रांगेत, म्हणजे चाकाच्या सरळ समोर, उभी राहू नकोस — तुटलेला पट्टा जातो तो त्याच दिशेने.

४२. भूक लागली की बंद कर. मी 'एवढा संपवून जेवतो' म्हणून जे जे कापलं, ते माप चुकलेलं होतं — पोट रिकामं असलं की टेप वाचताना सहाचा नऊ होतो.

४३. रोज भुसा झाड, मोटरवरून तर आधी, आणि जाताना सगळे बोल्ट हाताने चाचपड — सैल बोल्ट रात्री निवांत झोपतो, जागायचं मालकाने.

रूळ टाकायचे ठरले की कळव, दोरी आणि पाण्याची नळी घेऊन मी येतो. पुढच्या रविवारी जमेल. येताना घरच्या झोपाळ्याची फळीही काढून आणीन, रंधा मारून घ्यायला. ती माझ्या पहिल्या करवतीची पहिली फळी, तीन महिन्यांत उतावळेपणाने टांगलेली. कितीतरी वर्षं झाली, तुझी आई त्यावर बसली की अजून डावीकडे घसरते, आणि दर वेळी माझ्याकडे बघते.